भोंगा पार्टीचा अर्धा तास

मधुकररावांनी टीव्हीवर कवडूचा लाल शर्ट पाहिला होता. टीव्ही काळा-पांढरा होता हे त्यांना कुणी सांगत नसे, कारण मग ज्याच्या त्याच्या गोष्टीला कुणीतरी हात घातला असता. देवाजीच्या चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी बसणाऱ्या आम्हा पाच-सात जणांचा तो अलिखित करार होता. तू माझं झाक, मी तुझं झाकतो.

विषय एकच, भोंगा पार्टी. कामठी रोडच्या अलीकडे आमचा मोहल्ला आहे, तिथल्या चार पोरांची ही गाण्याची पार्टी. आज नागपुरात कुणाला विचाराल तर नाव कुणी ऐकलेलं नसेल, आणि त्यात नागपूरचा काही दोष नाही. वसंत गायचा. तो गिरणीत कामाला होता आणि त्याच्या गळ्यात सूर असा नव्हताच. सकाळचा भोंगा वाजावा तसा तो एका पट्टीत ओरडायचा, म्हणून पार्टीचं नाव भोंगा. दोघं सख्खे भाऊ ढोलकी आणि ड्रम बडवायचे. आणि कवडू नगराळे बेंजो वाजवायचा, तोच खटके दाबून वाजवायचा तारांचा बेंजो, पण कवडूने त्याला असा काही स्पीकर जोडला होता की तारेचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा यायचा.

गाणी त्यांची स्वतःची होती. नळाला पाणी नसल्याचं गाणं, रॉकेलच्या रांगेचं गाणं, रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणाऱ्या माणसाचं गाणं. लग्नाला त्यांना कुणी बोलावत नसे. जयंतीला मोठ्या पार्ट्या रात्री गायच्या आणि भोंग्याला दुपारी दोनची वेळ मिळायची, जेव्हा मैदानात मंडपवाले आणि कुत्री एवढेच असत. आम्ही काही जण मात्र जायचो. उन्हात उभे राहायचो आणि अंगावर काटा यायचा. का, ते तेव्हाही सांगता येत नव्हतं.

कवडूच्या आधी त्याच्या आईची, रंभाबाईंची, दोन मुलं गेली होती. तिसरं जगावं म्हणून त्यांनी आमच्या रीतीप्रमाणे ते शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि एक कवडी देऊन विकत परत घेतलं. म्हणून कवडू. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी तो पाच वर्षांचा होता आणि आईच्या खांद्यावर बसून, तिच्या सांगण्याप्रमाणे, दिवसभर चणे खात होता. नवरा लवकर गेला. तिनं तेंदूपत्त्याच्या विड्या वळून त्याला आयटीआय करवली. पुढं तो शहराच्या कडेला असलेल्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर लागला. काम असं की फोन आला की त्याप्रमाणे वस्त्यांच्या लाइनी जोडायच्या किंवा काढायच्या. ह्या लाइनींना ते फीडर म्हणतात.

त्या दिवसांत विजेची टंचाई होती. फोन यायचा, ‘एक फीडर काढा, ताबडतोब.’ कुठला, ते खुर्चीवरचा माणूस ठरवायचा. साहजिकच बंगल्यांची लाइन कधी जात नसे आणि आमची दिवसातून दोनदा जायची. कवडू लागला आणि त्यानं भांडण काढलं. वर्षभर अर्ज केले, इंजिनिअरशी वाद घातले. शेवटी इंजिनिअर कंटाळून म्हणाला की कर बाबा तुझ्या मनासारखं. कवडूने घरचा ऑइलपेंट नेला आणि भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्या फीडरांची नावं क्रमाने लिहिली. प्रत्येक नावासमोर एक भोक, त्यात एकच खिळा, आणि एक लाइन काढून झाली की तो एक घर पुढं सरकवायचा. ज्याची पाळी त्याची लाइन जाणार, मग तो मोहल्ला असो की बंगला. त्या महिन्यात पहिल्यांदा बंगल्यांत अंधार झाला आणि आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला टीव्हीवाले आले. ‘कामगारांची कला’ असं काहीसं त्यांना दाखवायचं होतं. मोठ्या पार्ट्यांचं काही जुळलं नाही म्हणून कुणीतरी भोंग्याचं नाव सुचवलं. शाळेच्या मैदानावर भर दुपारी अर्धा तास रेकॉर्डिंग झालं. त्या दिवशी कवडूची ड्यूटी होती, ती त्याच्या जोडीदाराने, गिरिधरने केली. अशी बदललेली पाळी परत द्यावी लागते, तसा त्यांच्यात रिवाज. दीड महिन्याने पोस्टकार्ड आलं. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी साडेसातला. आणि त्याच शनिवारी गिरिधरच्या बहिणीचं लग्न, म्हणजे पाळी परत द्यायचा दिवस तोच.

“जाऊ दे गा,” कवडू मला म्हणाला. “मी काय, सोताले आरशात रोजच पाहतो. मायले दिसलो म्हणजे झालं.”

मोहल्ल्यात टीव्ही दोनच होते, त्यातला एक आमच्याकडे. त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत चाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. पाच वर्षांनी टपरीवर विचाराल तर त्यातला एकही जण तिथं नव्हता. रंभाबाई सर्वांत पुढं, खुर्चीवर, नवं पातळ नेसून. मधुकरराव तेव्हा पोस्टात होते. ते रंभाबाईंच्या मागं माझ्या वडिलांच्या पेटीवर बसून खोकत होते. सात अठ्ठावीसला निवेदिका दिसली. ती ‘नमस्कार’ म्हणाली आणि लाइट गेली.

आधी हसू झालं, मग बोंबाबोंब. आम्ही वाट पाहिली. आठ वाजून गेले तेव्हा सगळ्यांना कळलं की आता आलीच तरी काय उपयोग. अंधारात रंभाबाईंचा आवाज आला, “ज्यानं लाइट काढली त्याचे हात झडो.” त्या कधी शिवी देत नसत. लाइट साडेआठनंतर आली.

दुसऱ्या दिवशी मी कवडूला हसत हसत हे सगळं, रंभाबाईंच्या शापासकट, सांगितलं. मला वाटलं, तोही हसेल. तो सायकल घेऊन निघून गेला. त्यानंतर त्यानं बेंजोला हात लावला नाही. पार्टी मोडली. दोघं भाऊ भिलाईला गेले, वसंतला क्षय झाला आणि सत्त्याऐंशीत तो वारला.

वसंत गेल्यावर मी एकदा कवडूला धरलंच. “वाजवत काहून नाही तू?” तेव्हा त्यानं सांगितलं. फोन आला तेव्हा सव्वासात झाले होते. खिळा आमच्या मोहल्ल्यावर होता. इंजिनिअर मागंच उभा होता आणि त्याला कार्यक्रमाचं माहीत होतं. तो म्हणाला, “कवडू, खिळा एक घर पुढं सरकव, बंगल्यांची काढ. कोन पाहून राहिलं?” कवडूने दहा मिनिटं टाळलं. फोन पुन्हा आला. “मी एकदा सरकवला असता त उद्या हे लोक रोज सरकवतीन,” तो मला म्हणाला. “फळा मीच लिहिला होता ना? मायचं नवं पातळ या हातानं इस्त्री करून ठेवलं होतं मी, सकाळी. आनि याच हातानं काढली.” मग म्हणाला, “माह्या मायची शपथ हाय तुले. तिले सांगू नको. कोनालेच नको.”

मी शाळामास्तर माणूस, पोरांना ‘नेहमी खरे बोलावे’ शिकवणारा. मी शपथ पाळली. मला त्याचा रागही आला आणि त्याच्यापुढं मान वर करवेना. मी मुंबईला टीव्हीवाल्यांना पत्र टाकलं, की ते रेकॉर्डिंग पुन्हा दाखवता येईल का. उत्तर आलं की टेप शिल्लक नाही, त्यावर दुसरं काही भरलं गेलं. एकदा बसमध्ये खापरखेड्याच्या कॉलनीतला एक जण भेटला. त्यानं तो कार्यक्रम खरोखर पाहिला होता. मी अधाशासारखं विचारलं, कसा होता? “आठवत नाही, मास्तर. लई कल्ला करून राहिले होते ते. पोरीनं बंद केला.” जगात खरा प्रेक्षक हा एवढाच, आणि त्याला काही आठवत नव्हतं.

टपरीवर मात्र सगळ्यांना सगळं आठवायचं. मधुकरराव त्या संध्याकाळी काटोलला मेव्हण्याकडे होते, तिथं त्यांनी पाहिला. देवाजी कन्हानला. मीसुद्धा सांगायचो की लाइट गेली तसा सायकल मारत बर्डीवर गेलो आणि दुकानाच्या काचेतून शेवटची दहा मिनिटं पाहिली. खोटं. मी अंधारात रंभाबाईंच्या पायाशी बसलो होतो. पण आधी कुणीतरी म्हणालं की वसंत कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होता, मग दुसऱ्याने त्यात घाम घातला, आणि मधुकररावांनी एका रविवारी तिसऱ्या गाण्यात बेंजोची तार तोडली. तार तुटली तरी कवडू उरलेल्या तारांवर वाजवत राहिला. आम्हाला ते इतकं आवडलं की पुढच्या रविवारी मलाही ती तुटताना दिसली होती.

आणि कवडू हे सगळं ऐकत बसायचा. उठून जाणार कुठं? घर समोर, टपरी दारात. उठला तर का उठला म्हणून विचारणार. चंद्रपूरला बदली मिळत होती, ती त्यानं आईसाठी नाकारली. दिवसा तो त्याच फळ्याखाली बसायचा. चार-पाच दिवसांनी खिळा मोहल्ल्यावर यायचा आणि तो त्याच हाताने आमची लाइट काढायचा. रविवारी आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून विचारायचो, “कवडू, ते तार तुटल्यावर कसं केलं गा तू?” तो चहा प्यायचा. एकट्याला कोंडायला भिंती लागत नाहीत, चार प्रेमळ माणसं पुरतात.

रंभाबाईंचे डोळे काचबिंदूने गेले. अगदी अंधार नाही, पण माणूस आवाजावरूनच कळायचं. मग त्याही टपरीवर येऊन बसू लागल्या आणि मधुकररावांकडून कार्यक्रम ऐकू लागल्या. त्या असल्या की मी बर्डीची गोष्ट सांगत नसे. एवढी लाज मला होती.

एकोणनव्वदच्या जानेवारीत वसंतचा दुसरा स्मृतिदिन आला. देवाजीने टपरीला वसंतचा फोटो लावला, हार घातला. आम्ही वंदना घेतली. मग रंभाबाई म्हणाल्या, “मधुकर, सांग गा कारेक्रमाचं. सुरुवातीपासून सांग.”

मधुकररावांनी घसा साफ केला. निवेदिका आली, नमस्कार म्हणाली, भोंगा पार्टीचं नाव घेतलं. पहिलं गाणं नळाचं. दुसरं रॉकेलचं. लाल शर्ट. रंभाबाई मान डोलावत होत्या, चेहरा असा उजळ की मी दुसरीकडे पाहिलं.

“आनि तिसऱ्या गाण्यात, काकू, तार तुटली.”

“बस करा!” कवडू उभा राहिला. त्याचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. “कोनं पाह्यलं? कोनीच नाही पाह्यलं. साऱ्या मोहल्ल्याची लाइट गेली होती आनि ते मी काढली होती. माय, मी. या हातानं. फळ्यावर आपला नंबर होता.”

देवाजीने स्टोव्ह बंद केला. मधुकररावांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, सुटला बिचारा. पाच वर्षांनी सुटला एकदाचा.

“बस खाली,” रंभाबाई म्हणाल्या. “मले मालूम हाय.”

“काय मालूम हाय?”

“त्या राती तू घरी आला, जेवला, झोपला. माय, मी कसा दिसलो, हे नाही इचारलं. असं कोनतं पोरगं हाय दुनियेत, जे नाही इचारन? तवाच समजली मी. आनि माह्या तोंडून काय निघालं होतं, ते आठवून रातभर रडली.”

“मंग पाच वर्सं बोलली काहून नाही?”

“तू बोलला काय?”

रंभाबाईंनी चेहरा मधुकररावांच्या बाजूला वळवला. “सांग गा पुढं.”

“काकू,” मधुकरराव चाचरत म्हणाले, “लाइटच नोती त मी बी...”

“तेही मालूम हाय. माह्या मांगं पेटीवर बसून खोकलून राहिला होता तू. आनि हा मास्तर माह्या पायापाशी होता. सांग.”

“माय, खोटं हाय ते सारं,” कवडू म्हणाला. तो आता रडत होता. “तार तुटलीच नोती. शर्ट पांढरा होता. मी सांगतो तुले खरं, मी होतो ना तेथं.”

“तू वाजवून राहिला होता. तू कसा दिसला, ते तुले काय मालूम?” रंभाबाईंनी हात पुढं केला आणि चाचपडत त्याचं मनगट धरलं. “डोळे गेले माहे. याचंच आयकून आयकून तुले पाह्यलं मी, लाल शर्टात, तार तुटली तरी वाजवताना. एकदा लाइट काढली तू. आता हे तरी नको काढू.”

कवडू तिच्या शेजारी बसला. मनगट त्यानं सोडवून घेतलं नाही. मधुकररावांनी पुन्हा घसा साफ केला.

“तं तिसऱ्या गाण्यात तार तुटली,” ते म्हणाले आणि तिथंच अडले. “कोनती तार तुटली होती गा, कवडू?”

कवडूने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग आईकडे.

“तिसरी,” तो म्हणाला.