नरम टोकाची गोळी

मामाला वनखात्याची परवानगी मिळाली तेव्हा त्याने ती लॅमिनेट करून घेतली. पंधरा दिवसांत शेतात येणारी तीन रानडुकरं मारता येतील, मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं, एवढाच मजकूर होता. मामा मात्र तो सनद वाचावी तसा उभा राहून वाचून दाखवायचा. गरज खरी होती. कल्याणपासून तासाभरावर त्याची शेती आहे, आणि भात पिकायला लागलं की डुकरं पहाटे येऊन निम्मं खातात, निम्मं लोळवतात.

रायफल आजोबांची, तीनशे पंधरा बोअरची. आता परवाना मामाच्या नावावर होता. काडतुसं घ्यायला तो मला कल्याणच्या दुकानात घेऊन गेला. मी ठाकुर्लीला राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासतो. मायक्रोमीटर धरणाऱ्या माणसाला बंदुकीतलंही कळत असणार, असा मामाचा समज. मी रायफल कधी चालवली नव्हती, पण वाचलं पुष्कळ होतं. परदेशी शिकारी गोळीच्या वजनावरून इंटरनेटवर पानंच्या पानं भांडतात. आपल्याकडे तो प्रश्न येत नाही. दुकानदाराने काउंटरवर दोनच डबे ठेवले. एकातल्या गोळ्यांवर टोकापर्यंत तांब्याचं कवच होतं, दुसऱ्यातल्यांच्या टोकाला शिसं उघडं.

"ही," मामा पहिल्या डब्यावर बोट ठेवून म्हणाला. "आमचे वडील हीच वापरायचे. आरपार."

"साहेब, तुम्हाला हत्ती मारायचाय का?" दुकानदार म्हणाला. "साठ-सत्तर किलोचं जनावर, शंभर पावलांवर. नरम टोकाची घ्या. आत जाऊन फुलते, जोर तिथेच संपवते."

"अहो, डुकराची खांद्याची कातडी म्हणजे ढाल असते. तुमची नरम गोळी वरच चपटी होईल."

"शंभर पावलांवर नाही होत. कवचाची गोळी जनावरातून बाहेर पडते आणि पुढे जाते."

"जाऊ दे की पुढे. पुढे आपलंच शेत आहे."

इथे मी तोंड उघडलं, कारण पुढे काय आहे ते मी पाहिलं होतं. मामाच्या बांधापलीकडे एका निवासी संकुलाचं काम चाललंय. इमारती अजून पायाच्या पातळीवरच आहेत, पण कमान उभी राहिली आहे आणि तिच्यावर इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. त्या कमानीच्या मागे, शेताला लागून, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे.

"मामा, पूर्वी आजोबा शेतातल्या उंच माळ्यावर बसायचे," मी म्हणालो. "वरून मारलेली गोळी जमिनीत शिरायची. तू बसणार खुर्चीवर."

हे त्याला लागलं. त्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि माळ्याच्या शिडीचा विषय घरात कुणी काढत नसे. खुर्चीवरून सुटलेली गोळी आडवी जाणार, हे त्यालाही कळत होतं. त्याने पहिला डबा बोटाने मागे सरकवला.

"बरं, द्या नरम टोकाची," तो म्हणाला. "आमचे भाचेबुवा कारखान्यात असतात. त्यांच्यापुढे आम्ही काय बोलणार!"

त्या दिवशी परतताना मला फार हलकं वाटलं होतं.

खंडेनवमीला मी मामाकडे गेलो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, तो शेतात बसणार होता आणि सोबतीला त्याला मी हवा होतो. ओटीवर शस्त्रपूजा मांडलेली होती. कोयते, विळे, ट्रॅक्टरचे पाने, आणि मधोमध लाल वस्त्रावर रायफल. तिच्यापुढे ताम्हणात काडतुसं रचलेली होती, भरगच्च. मी पुन्हा पाहिलं. आम्ही दहा घेतली होती. ताम्हणात सतरा-अठरा तरी होती.

"मामी, ही बाकीची कुठली?"

"अरे, तुझ्या आजोबांच्या जुन्या डब्यातली. एवढीशी काडतुसं एवढ्या मोठ्या ताम्हणात कशी दिसली असती? काळी पडली होती रे. चिंचेने घासली सगळी, बघ कशी निघालीत!"

निघाली होती खरीच. नव्या-जुन्याचं पितळ सारखंच चमकत होतं. आणि प्रत्येक गोळीच्या टोकाला मामीने हळद आणि ओलं कुंकू जाड लावलं होतं. शिसं कुठलं आणि तांबं कुठलं, हे आता देवालाच दिसत असेल.

"मामा, यात जुन्या कवचाच्या गोळ्या मिसळल्यात. वेगळ्या कर."

"आज?"

"आत्ता. टोकं पुसली की कळेल."

"पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही. आजोबांनी कधी हलवलं नाही."

"उद्या पहाटेच तर तू बसणार आहेस."

"मग पहाटे बघू. एवढा शिकलास, एक दिवस दम धर."

मामी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी आरतीच्या मध्येच बूट घालून आलो होतो. ताम्हण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. दुपारी सगळे झोपले तेव्हाही मी ओटीवरच होतो आणि खिशात रुमाल होता. पण मी पूजेला हात लावला नाही. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण मामीच्या रागावर आहे.

पहाटे मामाने काडतुसं नमस्कार करून उचलली आणि कोटाच्या खिशात ओतली. शेताच्या अलीकडच्या बांधावर खुर्ची ठेवली, मांडीवर रायफल घेतली. मी त्याच्या मागे उकिडवा बसलो. धुकं होतं. पलीकडे पत्र्याच्या खोल्यांमधून एका चुलीचा धूर निघत होता, आणि कुणीतरी खोकत होतं. ते अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"टॉर्च दे," मी कुजबुजलो. "टोकं बघू."

"श्श्. आलंय."

भात हलत होतं. मामाने खिशातून हाताला लागली ती पाच काडतुसं एकेक करून भरली. त्या वेळी मी त्याचं मनगट धरू शकलो असतो. मी मोठ्याने ओरडू शकलो असतो. डुक्कर पळालं असतं, मामाने चार दिवस अबोला धरला असता, एवढंच झालं असतं. डुक्कर आडवं उभं राहिलं. त्याच्या पाठीच्या रेषेवर, धुक्यात, मला पत्र्याची रांग दिसत होती.

मामाने बार काढला.

डुक्कर जागीच बसलं. आणि त्याच क्षणी, बाराचा आवाज विरायच्या आत, पलीकडून पत्र्याचा आवाज आला. लहानसा. वाटीवर चमचा पडावा तसा. मग खोकणं थांबलं.

मामा उठला नाही. "पडलं ना?" तो म्हणाला. "पडलं ना रे?" तो डुकराबद्दल विचारत नव्हता, त्याची नजर पत्र्यांवर होती.

ते दोनशे पावलांचं अंतर मी भातातून धावत गेलो. मामा बांधाबांधाने, काठी टेकत, मागून येत होता. तिसऱ्या खोलीच्या पत्र्याला कमरेच्या उंचीवर भोक होतं, कडा आत वळलेल्या. पलीकडच्या पत्र्यालाही एक, कडा बाहेर. आत खाली गोधडीवर दोन मुलं झोपेतून उठून बसली होती. त्यांची आई दाराशी चुलीपुढे उभी होती, हातात फुंकणी. जालन्याकडची. तिचा नवरा टँकरवर पाणी आणायला गेला होता. खोकत होती ती तीच.

मी मुलांकडे पुन्हा पुन्हा बघितलं. कुणालाही काही झालं नव्हतं. गोळी आली तेव्हा मुलं अजून आडवी होती म्हणून.

मामा धापा टाकत पोचला. त्याने भोक पाहिलं, मुलं पाहिली. चेहरा राखेसारखा झाला होता, तरी आवाज त्याने ओटीवरचाच काढला.

"दगड उडाला असेल, बाई. पत्रा बदलून देतो."

"दगड नाही," मी म्हणालो. "गोळी होती. आमची."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. बाईने फुंकणी खाली ठेवली. भोकात बोट घालून पाहिलं, मग समोरच्या भोकाकडे पाहिलं, मग मुलांच्या डोक्यांकडे. मला वाटलं, आता ती ओरडेल. रांगेतले लोक गोळा होतील, पोलीस येतील, परवाना जाईल. मला ते सगळं हवं होतं.

"आणखी मारायचीत का डुकरं?" तिने विचारलं.

मामाने मान हलवली, हो की नाही ते कळेना.

"मग आदल्या दिशी सांगत जा, दादा," ती म्हणाली. "तेवढा येळ लेकरं घेऊन आम्ही बाहेर बसू."

"सांगू," मामा लगेच म्हणाला. "नक्की सांगू."