नवापूर आलं की पदर

सुरतेजवळच्या उधन्याहून आम्ही भुसावळ पॅसेंजर धरायचो आणि गाडी नवापूर स्टेशनात शिरली की डब्यात एकच धांदल उडायची. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. लग्नसराईत डब्यात बहुतेक आमचीच खानदेशी माणसं असायची, सुरतेत मागावर नाहीतर मिलमध्ये राबणारी. पोरं शर्टाची वरची बटणं लावायची, गॉगल पिशवीत टाकायची. कारखान्यातल्या उकाड्यात चड्डी-बनियनवर माग चालवणारे माझे वडील पिशवीतून पांढरी टोपी काढून डोक्यावर चढवायचे. आणि बाया, एकीनं दुसरीला न सांगता, पदर डोक्यावर घ्यायच्या.

ते स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. नेमक्या कुठल्या खांबाशी आईचा हात वर जातो, हे पाहायला मी टपून बसायची. मला त्याचं भारी कुतूहल. एकाच बाईचं डोकं तिकडे सुरतेजवळ चलथाणला उघडं चालतं आणि इथून पुढे का चालत नाही, असं विचारलं की आई म्हणायची, लोक बघतात. कोण लोक, म्हटलं की म्हणायची, आक्का बघतात.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. गावी तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं, वडीलसुद्धा.

त्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाला निघालो तेव्हा माझी मोठी बहीण सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात साड्यांना लेस लावायच्या मशीनवर बसत होती. पंजाबी ड्रेस घालून जायची, बसमध्ये गुजराती पोरींशी गुजरातीत गप्पा छाटायची. दरवेळी नवापूरच्या आधी ती संडासात जाऊन साडी नेसून यायची, धक्के खात, निऱ्या सांभाळत. या वेळी आईनं साडीची पिशवी पुढे केली आणि ताई जागची हललीच नाही. म्हणाली, मी अशीच उतरणार.

आईनं डोळे वटारले, मग गयावया केली. समोरच्या बाकावरच्या बाईनं आपल्या पोरींचं रडगाणं लावलं. वडील आवाज न चढवता म्हणाले, आक्का वावगा एक शब्द जरी बोलली तरी तू गावातच राहशील, सचिनची नोकरी बंद. ताईचा चेहरा उतरला. वडील बोललेलं मागे घेत नसत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ती खिडकीला चिकटून बसून राहिली. मला तिच्यासाठी भीतीही वाटत होती आणि पुढे काय होतं ते कधी एकदा बघते असंही झालं होतं.

नंदुरबारहून एसटीनं गावात पोचलो. आत्या अंगणात लग्नाचे गहू निवडत बसली होती, नऊवारी लुगडं, मागे घट्ट कासोटा. तिनं ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जवळ बोलावलं. सलवारीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. खाली बस म्हणाली, ऊठ म्हणाली, चालून दाखव म्हणाली. नाडी कुठं बांधतात तेही विचारून घेतलं. ताई बैलबाजारातल्यासारखी इकडून तिकडे चालत होती आणि आईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"हाऊ ते कासोटाच शे," आत्या म्हणाली. "शिवेल कासोटा. पाय मोकळा राहतस."

मग तिची नजर आईकडे वळली. म्हणाली, तुझी ही गोल साडीच मला कधी आवडली नाही. ना कासोटा, ना काही, वारा आला की पंचाईत. पण म्हटलं, सुरतेत राहते, नेसू दे.

आई लग्न होऊन आली तीच गोल साडीत. उंबऱ्यातच आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. त्या आठ्या डोक्यावरून पदर घसरला म्हणून, असं आईनं धरलं आणि तेव्हापासून त्या गावात तिचं डोकं कोणी उघडं पाहिलं नव्हतं. भर उन्हात, चुलीपुढे, तापातसुद्धा.

"आक्का, मंग इतला वरीस तुम्ही काबर नही सांगं?" आईनं विचारलं.

"तू इचारं का माले?" आत्या म्हणाली आणि पुन्हा गहू निवडू लागली.

वडिलांनी नोकरीचा विषय काढला नाही. ताई सुटली. मला तर हसू आवरेना. संध्याकाळी हापशावर ताईनं आईला छेडलं, आता तरी घे तो पदर खाली, आक्काला त्याचं काही नाही. मला वाटलं, आईही हसेल. ती रडत होती. कळशी कधीच काठोकाठ भरली होती आणि ताईचा हात दांड्यावर तसाच थांबला होता.

"तुनं एक दिनमा व्हई गयं," आई म्हणाली. "माले इचारानी हिंमत कोठे व्हती?"