सैल टाका

आमचे हे मोटरींचं वाइंडिंग करतात. जळालेली मोटर ह्यांच्यापुढे ठेवा, आतली काळीठिक्कर पडलेली तार उपसून काढतील आणि नवी तांब्याची तार अशी बसवतील की बोटानं ढकललं तरी वेढा हलायचा नाही. मी उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही. चहात साखर कमी पडली तर जग बुडाल्यासारखं तोंड करणारा माणूस आहे हा. पण त्या हाताला तोड नव्हती. हे मी ह्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, उगीच चढून बसले असते.

तोच उजवा हात चालू मशीनच्या पट्ट्यात सापडला. बोटं वाचली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली. टोकांना धड स्पर्श कळेना. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, बोटं चालू ठेवा, नाहीतर कायमची आखडतील." तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो थोडे दिवस दाबला, मग वैतागून भिंतीवर मारला. तिथून तो कपाटाखाली गेला, तो अजून तिथंच आहे.

कारखान्यात खिडकीजवळचं टेबल ह्यांचं. मालकांचा निरोप आला, "जागा राखून ठेवलीय, पण किती दिवस ठेवू?" त्यांचंही बरोबर होतं, मोटरी काही कुणासाठी थांबत नाहीत. हे मात्र दिवसभर पलंगावर बसून त्या हाताकडे बघत राहायचे. मला तो मुका माणूस बघवेना. त्यापेक्षा भांडणारा परवडला.

मी क्रोशाचं विणकाम शिकवते. दुपारी बाहेरच्या खोलीत बायका जमतात. एक दिवस त्या गेल्यावर मी क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"फूल करायचं. सगळ्यात सोपं, पाच पाकळ्यांचं. शाळेतल्या पोरी करतात."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्या मोटरींत तार भरून देणार आहेत का?"

कुरकुरत का होईना, बसले. आधी साखळी शिकवली. लोकर सुईच्या आकड्यात धरायची आणि आधीच्या फासातून ओढून काढायची, की झाला एक टाका. आता बोटांना लोकर कळतच नाही म्हटल्यावर हे ती जिवाच्या आकांतानं धरायचे आणि खेचायचे. टाका असा आवळायचा की पुढच्या वेळी सुईचं टोक आत जाईना.

"अहो, टाका सैल सोडा!"

"सैल काम मी जन्मात केलं नाही. उस्ताद म्हणायचे, सैल वेढा म्हणजे जळलेली मोटर."

ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले, ते म्हातारे वाइंडर म्हणजे उस्ताद. ह्यांनी दुसऱ्या कुणाला कधी उस्ताद म्हटलं नाही. त्यांचा विषय निघाला की हे अजूनही पाठ ताठ करून बसतात.

"तुमच्या उस्तादांनी फूल विणलं नव्हतं," मी म्हटलं. "इतकं आवळलंत तर पुढची सुई कुठून जाणार, माझ्या डोक्यातून?"

रोज हेच. मी उसवायची, हे आवळायचे. अशात एकदा कारखान्यातले मिशीवाले भेटायला आले. दार वाजल्याबरोबर ह्यांनी लोकर बुडाखाली सारली आणि वर बसले. सुई चांगलीच टोचली असणार, पण हूं नाही की चूं नाही. मिशीवाल्यांनी इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं, "मालकांनी एक माणूस बघितलाय. सोमवारी येशील तर ये, नाहीतर टेबल त्याला."

ते गेल्यावर लोकरीचा गुंडा चेंडूच्याच वाटेनं गेला. "नाही होत माझ्याच्यानं. हात मेला माझा."

माझा पारा चढला. "हात नाही मेला, हिंमत मेलीय! ज्या हातावर मी इतकी वर्षं मिरवले, त्याला मेला म्हणायचं नाही माझ्यासमोर!" बोलून गेले आणि मग मीच जीभ चावली. हे माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. आतून आवाज आला, "सुई कुठंय?" जाऊन बघते तर ह्यांच्या मांडीवर कामातून उरलेल्या बारीक तांब्याच्या तारेचं रीळ.

"अहो, तारेचं फूल कुठं होतं का?"

"लोकर हातात आहे की नाही तेच कळत नाही मला. तार कळते."

आणि काय सांगू! तोच माणूस, तीच सुई, पण टाका आवळेना. बारीक तार जास्त ओढली की तुटते, हे ह्यांच्या हाडात मुरलेलं. हात आपोआप जपून चालायला लागला. पहिली पाकळी झुरळासारखी झाली. दुसरीला मी हसले, तर हेही हसले, कितीतरी दिवसांनी. बोटं दुखायची, घाम यायचा, पण सुई खाली ठेवायला तयार नाहीत. रविवारी संध्याकाळी पाचवी पाकळी पुरी झाली. वाकडंतिकडं, पण फूलच. मी प्रत्येक टाक्यातून सुई घालून पाहिली, सगळीकडून गेली. सरळ सांगते, मला रडू आलं.

सोमवारी निघताना म्हणाले, "तूही चल." असं ह्यापूर्वी कधी म्हणाले नव्हते.

मालकांनी एक छोटी मोटर पुढं केली. मी दाराशी उभी. हे हळू भरत होते, मध्येच थांबून बोटं चोळत होते, पुन्हा भरत होते. दुपारी मालकांनी येऊन वेढ्यावर बोट ठेवलं आणि ढकललं. वेढा हलला नाही. "उद्यापासून वेळेवर ये," एवढंच म्हणाले आणि गेले.

हे पक्कड खिशात ठेवायला गेले आणि खिशातलं तांब्याचं फूल टेबलावर पडलं. मिशीवाल्यांनी ते उचललं. चारजण गोळा झाले. मला वाटलं, झालं, आता हे कुणाचं तरी नाव सांगून मोकळे होणार.

"कुठनं आणलंस रे?"

"मी केलंय."

"तू? आणि हे असलं कुणी शिकवलं तुला?"

हे खुर्चीवरून उठले. जन्मभर मला 'अगं'पलीकडे हाक न मारणारा माणूस दाराकडे हात करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यांनी. ह्या माझ्या उस्ताद."

मिशीवाल्यांनी खुर्ची पुसून पुढं केली. मी बसले. पाठ ताठ करून बसले.