गयाबाईंच्या मागची झील

गयाबाईंना आपण ओळखत होतो, असं भानुदासांना छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. दोघंही नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावी मुलांकडे राहायला आलेले, एका उन्हाळ्यापुरते शेजारी. बाई अकोल्याच्या. नवऱ्याच्या जलशात त्यांनी तीस वर्षं झील धरली; म्हणजे त्याने ओळ म्हणायची आणि यांनी मागे उभं राहून ती उचलायची. भानुदासांना ठाऊक होतं ते एवढंच.

गयाबाईंची लेक मैत्री सुट्टीच्या दिवशी डच मंडळींबरोबर नाटक करायची. यंदा जुन्या ग्रीक धर्तीची शोकांतिका होती. मेलेल्या मुलाजवळ बसलेली आई आणि भोवती गावच्या बायकांचा मेळा. मेळ्यात माणसं कमी पडली, तेव्हा मैत्रीने आईला उभं केलं आणि भानुदासांच्या हातात टाळ दिले.

"आई, फार पूर्वी नुसता मेळाच गायचा," मैत्रीने समजावलं. "मग म्हणे एकजण रांगेतून पुढे आला आणि मेळ्याशी बोलू लागला. तिथून नाटक सुरू झालं. ते पाऊल तू टाकायचंस. विलाप मराठीतच कर."

"पण लोक दुसऱ्याचं रडणं बघायला येतात कशाला?"

"तूच सांग."

"एकटीनं रडलं की नुसता घसा बसतो. दहाजणींनी उचललं की त्याचं गाणं होतं."

म्हणाल्या खऱ्या, पण तालमीत त्यांचं पाऊल काही उचलेना. भानुदासांनी धीर करून विचारलं, "भीती वाटते का, बाई?"

"भीती कसली! मी पुढं गेले तर मागं कोण, भाऊ? या बायांना झील माहीत नाही. आणि तुम्ही तर बोलता तेसुद्धा टाळानंच."

प्रयोग रविवारी दुपारी, वस्तीतल्या सभागृहाच्या अंगणात होता. शंभरेक माणसं जमली. वेळ आली तरी गयाबाई जागच्या जागी. मैत्रीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाईंनी चपला रांगेतच काढल्या आणि त्या पुढे आल्या.

"ऊठ रे लेकरा, दिवस वर आला..."

ओळ संपली. मागे चिडीचूप. तालमीत गाडी इथवर कधी आलीच नव्हती. भानुदासांनी उभ्या जन्मात चारचौघांत गळा काढला नव्हता. पण कसं कोण जाणे, तोंडून निघालं, "दिवस वर आला!" बेसूर, पण पोटातून.

गयाबाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांचा हात तेवढा वर गेला आणि आवाज चढला. तिसऱ्या ओळीला सगळ्या डच बायका आपापल्या उच्चारात झील धरत होत्या, पाचव्या ओळीला प्रेक्षकही. शोकांतिकाच ती, लेकरू काही उठलं नाही. अख्खं अंगण मात्र उठून उभं राहिलं, आणि टाळ्या थांबेनात.

मंगळवारी बाई अकोल्याला निघाल्या. दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते स्टेशनच्या फलाटावर, विमानतळाच्या गाडीची वाट बघताना. भानुदासांचा आवाज पार बसला होता.

"मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, भाऊ."

"करतो. पोचलात की कळवा."