नऊ नंबरला कुणी थांबवलं?

मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे, हे आधीच सांगते. नागपूरला आमच्या घरी भूतबाधा, करणी वगैरे कुणी मानत नाही. पुढे मी इंजिनियर झाले आणि बिघाडाचं कारण शोधणं हीच नोकरी झाली. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

कॅनडात सस्काटून शहरापासून तासाभरावर मसूर साफ करायची एक मिल आहे. गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा, बाहेर उणे बत्तीस. मिलमध्ये बारा मोटरी, आणि प्रत्येक मोटरचा वेग सांभाळणारा एक ड्राइव्ह. बाराही ड्राइव्ह एकाच केबलवर, प्रत्येकाला आपापला नंबर. "नऊ नंबर, चालू हो" असा हुकूम गेला की फक्त नऊ ऐकतो आणि उत्तर देतो. विचारल्याशिवाय कुठलाच ड्राइव्ह तोंड उघडत नाही. ड्राइव्हना हुकूम देणारा जुना कंट्रोलर बदलायचं काम माझं; तो काढून मी टेबलावर ठेवला होता. हुकूम देणारा एकच उरला होता — माझा लॅपटॉप.

सुपरवायझर हरजीत रेडिओवर म्हणाला, "मॅडम, नौ नंबर टेस्ट कर लो. सब क्लिअर है."

नऊ नंबर म्हणजे खालचा स्क्रू कन्व्हेयर. लोखंडी पन्हाळीत फिरणारा लांबलचक स्क्रू, जो मसूर पुढे ढकलतो.

मी रन दिला, म्हणजे चालू व्हायचा हुकूम. ड्राइव्हचं उत्तर आलं, ओके. आणि लगेच स्टॉप! मोटर हललीसुद्धा नाही.

पुन्हा दिला. ओके... स्टॉप.

तिसऱ्यांदा तेच. माझं डोकं सटकलं. दुपारपर्यंत मिल चालू करून द्यायची होती.

"हरजीत, मैं नीचे जाके बटन से चलाती हूँ."

ड्राइव्हवरच्या बटणाने चालवलं की तो केबलवरचं काही ऐकत नाही. जिना उतरले, ड्राइव्ह लोकलवर, म्हणजे त्याच्याच बटणांवर टाकला, हिरव्या बटणाजवळ बोट नेलं... आणि दाबलं नाही. तीनदा का थांबला असेल, एवढंच डोक्यात आलं. म्हटलं, काहीतरी अडकलं असेल, आधी बघून येऊ.

पन्हाळीचं झाकण उघडं होतं. आतून दोन बूट बाहेर आलेले.

"वेन!" मी किंचाळले.

वेन आमचा मेकॅनिक, साठीचा. कोपरांवर मागे सरकत बाहेर आला. दाढीत मसुराची टरफलं. "व्हॉट? इट्स लॉक्ड आउट. माय लॉक इज ऑन नाइन."

यंत्रात शिरण्याआधी त्याची वीज बंद करून स्विचला आपलं कुलूप लावायचं असतं. कुलूप होतं, पण आठ नंबरच्या स्विचवर. आठ आणि नऊच्या स्विचवरच्या स्टिकर्सची कधीतरी अदलाबदल झाली होती. नऊची वीज चालूच होती.

मी सांगितल्यावर त्याने एक बादली उलटी केली आणि तो तिच्यावर बसला. मी जाऊन मुख्य स्विच खाली ओढला.

दुपारी केबलवरच्या मेसेजेसची नोंद उघडली. माझे तीन रन. प्रत्येकाच्या मागोमाग एक मेसेज — नऊ नंबर, थांब. मी पाठवलेला नाही. माझ्या प्रोग्राममध्ये स्टॉपचा हुकूम मी अजून लिहिलाच नव्हता.

आमचे सिनियर म्हणाले, "इलेक्ट्रिकल नॉइज असेल." पण नॉइज म्हणजे कचरा. प्रत्येक मेसेजच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. तो तिन्ही वेळा अचूक होता. केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपली, दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं. मिल तशी नवीनच आहे, तिथे कधी कुणाचा जीवही गेलेला नाही... हो, तेही विचारलं मी! स्टिकर्स नीट लावली, वेन माझ्या शेजारी उभा राहिला, मी रन दिला. नऊ नंबर पहिल्या झटक्यात चालू झाला.

मग वेनला ती नोंद दाखवली. त्याने स्क्रीनवर तिन्ही ओळींखालून बोट फिरवलं.

"सो... हू सेंट इट?"

मी खरं ते सांगितलं. या मेसेजवर फक्त ऐकणाऱ्याचा नंबर असतो. पाठवणाऱ्याचं नाव लिहायला त्यात जागाच नसते.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "वेल," तो म्हणाला, "टेल देम थँक्स."

ते कुठल्या नंबरवर पाठवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.