पलटी झालेली जीप

मंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी नगरला, शाळेत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. सुधाकर, माझा मावसभाऊ, सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच गेला होता. आयुष्यभर गाड्या पळवलेला माणूस असा बसल्याजागी जावा... महिना उलटला तरी पटत नाही.

कर्जतला त्याचं जीप-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मोडीत निघालेली एक जीप त्याने घरी आणली, टप काढून टाकला, लोखंडी पाइप वाकवून डोक्यावर पिंजरा बसवला आणि शर्यतीची गाडी तयार केली. "कशाला रे हे?" मी विचारलं. "किती जोरात वळवली की पलटी व्हती, ते बघायचंय," तो शांतपणे म्हणाला.

ते त्याला पहिल्याच शर्यतीत कळलं. नगरबाहेरच्या माळावर मातीतली शर्यत होती. मी आणि वहिनी दोरीमागे उभ्या होतो. वळणावर जीप दोन चाकांवर उठली आणि पाहता पाहता उलटली. सगळी धूळच धूळ. वहिनी दोरीखालून धावत सुटली, चपला तिथेच राहिल्या. आम्ही पोचलो तोवर सुधाकर पट्टा सोडून रांगत बाहेर आला होता. कपाळातून रक्त येत होतं, आणि हा गाडीच्या पोटात डोकावत होता.

"मंदे, हे बघ. मागच्या स्प्रिंगचा पाटा आधी तुटला, मग गाडी गेली."

मला वाटलं, वहिनी आता रडेल, नाहीतर याला फैलावर घेईल. ती गुडघ्यांवर बसली, पदराने त्याचं कपाळ दाबून धरलं आणि स्वतःही वाकून पाहिलं. "पाटा जुनाच हुता," ती म्हणाली. "मी म्हनलं हुतं तुमाला."

त्यानंतर तिने अट घातली, की तिला गाडी दाखवल्याशिवाय शर्यत नाही. दाखवता दाखवता त्याने तिला पाने धरायला शिकवलं, मग जीप चालवायलाही. पुढच्या शर्यतीत तो शेवटून दुसरा आला, पण चारही चाकांवर.

गेल्या रविवारी कर्जतला गेले. वहिनी एकटी कशी दिवस काढत असेल, या काळजीतच होते. गॅरेजचं शटर उघडं होतं आणि जीपखालून तिचे पाय दिसत होते.

"ताई, ह्यांनी हितं पाट्याला एक पट्टी जास्तीची जोडलीय," ती आतूनच म्हणाली. "कशाला, ते मला बोलले न्हाईत."

"मग काढून टाकतेस?"

"न्हाई. आधी चालवून बघते."