धूम्रलेखा आणि गिरणी

आपल्या गिरणीत शिरताना केशरकाकू चपला बाहेर काढायच्या. गरम पीठ चिमटीत चोळून बघायच्या. बायकांना डब्यावरून हाक मारायच्या, "ए पोचे पडलेल्या डब्यावाली, ये!" आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जादूची मालिका लागली, की मोटार बंद करायच्या.

त्याला कारण होतं. आष्टीतल्या आमच्या गल्लीत गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं. राजवाडा काडेपेटीएवढा व्हायचा. म्हणून मालिका चालू असताना गिरणी बंद, हा गल्लीचा कायदाच होता.

१९९७ साली मी बी.ए. होऊन घरीच होते. मालिका मी काकूंकडे, गिरणीला लागूनच्या खोलीत बघायचे. तिच्यात दोघांना गादी हवी होती, जादूगारीण धूम्रलेखा आणि सेनापती रिपुजित यांना. रिपुजित म्हणायचा, प्रजेसाठी हवी. धूम्रलेखा म्हणायची, मला हवी.

"ती बराबर बोलती," काकू म्हणायच्या.

"काकू, ती माणसांचे दगड करते."

"अन् तुझ्या रिपुजितची फौज कधी जेवताना दाखवली का? नुस्ती पळून राह्यली."

त्याच वर्षी काकू ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. समोर चतुराबाई. तिचा नवरा अप्पाराव येता-जाता टोमणा मारायचा, "काय धूम्रलेखा, गादी पाहिजे का?"

"गादी न्हाई, खुर्ची. तीबी लाकडी."

गल्ली हसायची. पण एकदा पीठ झटकता झटकता काकू मला हळूच म्हणाल्या, "मला पाहिजे हे खरं हे, पोरी. मंग मीबी तिच्यावानी झाले तर?"

मी डब्यांची झाकणं लावत बसले.

मालिकेचा शेवटचा भाग मतदानाच्या आदल्या दिवशी आला. दुपारपासून लाईट नव्हती. ती आली, तेव्हा मालिका सुरूच होत होती. गल्लीत टाळ्या पडल्या. गिरणीच्या दारात कापूस वेचून आलेल्या वस्तीवरच्या बायका ज्वारी घेऊन बसल्या होत्या.

"होऊ द्या मालिका, मावशी," बेबीनंदा म्हणाली. "आम्ही बसतो."

"अन् लेकरं?"

"झोपत्याल तशीच."

धूम्रलेखा सिंहासनाच्या पायऱ्या चढत होती. काकू उठल्या.

"काकू, उद्या मतदान आहे!"

"म्हाईत हे."

मोटार घरघरली. धूम्रलेखा, रिपुजित, सिंहासन, सगळं आक्रसत गेलं आणि पडदा काळा झाला. घराघरातून ओरडा उठला. अप्पाराव धावत आला.

"अगं, कोण बसलं गादीवर? साऱ्या गल्लीचा दगड केला की तू!"

"दगड एवढा बोंबलत न्हाई, दाजी," काकू म्हणाल्या आणि पहिला डबा ओतला.

मी मात्र मनातल्या मनात निवडणूक हरले होते. गल्लीतली मतं खरंच चतुराबाईकडे गेली. पण वस्तीवरची सगळी काकूंना पडली, आणि त्या थोडक्यात निवडून आल्या. निकाल ऐकला तेव्हा मी उगीच हसत सुटले. काकूंनी पदराने तोंडावरचं पीठ पुसलं.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या. जिंकल्याबद्दल म्हणाल्या, की त्या जुन्या भीतीबद्दल, मी विचारलं नाही.

मालिकेचा शेवट मी परतूरच्या मैत्रिणीकडून ऐकून आले. काकूंना सांगायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. "मलाच वळखू दे." चिमटीत पीठ धरून त्या विचार करू लागल्या. तेवढ्यात दारात डबा वाजला.

त्यांचं ओळखणं अजून चालूच आहे.